वाई ते धोम, कृष्णाकाठची सायकलफेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईला सायकल चालवायला येणाऱ्या मंडळींचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. किती लांब आहे, चढ किती आहे, मुलांना जमेल का, मेणवलीचा वाडा उघडा असतो का. त्या सगळ्यांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे लिहिले आहे. ही फेरी आम्हाला फार प्रिय आहे, म्हणून काही उत्तरे लांबली आहेत.

फेरी नेमकी कुठून कुठे आहे?

सातारा जिल्ह्यातल्या वाईत, ढोल्या गणपतीच्या घाटापासून निघायचे, पश्चिमेला मेणवली, पुढे भोगाव आणि शेवटी धोम. वाई ते मेणवली साधारण ३ किलोमीटर, वाई ते धोम साधारण ८ किलोमीटर. गावांत शिरून घाटावर उतरण्याचे धरले तर जाऊन-येऊन १७-१८ किलोमीटर होतात. आल्या वाटेनेच परत यायचे.

जाताना कृष्णा डाव्या हाताला राहते, कधी दिसते, कधी उसाआड जाते. उजव्या हाताला पांडवगडाचा डोंगर जवळजवळ सगळी वाट सोबत असतो. समोर, धरणापलीकडे, हवा स्वच्छ असेल तर कमळगडाची बाजू दिसते. म्हणून इथे वाट चुकण्याची भीती फारशी नाही. नदी डावीकडे आणि पांडवगड उजवीकडे असला की तुम्ही बरोबर चालला आहात.

सायकलची सवय सुटून वर्षे झाली. जमेल का?

जमेल. गुडघ्याचे किंवा छातीचे दुखणे नसेल तर नक्की जमेल. जाताना आपण नदीच्या उलट दिशेने, म्हणजे वरच्या अंगाला जातो, त्यामुळे चढ आहे. पण तो इतका हलका आहे की डोळ्यांना दिसत नाही, मांड्यांना कळतो. परतताना तोच उतार होतो. दमल्यावर सोपी वाट मिळते, आणि नवशिक्यांसाठी ही फेरी निवडण्याचे तेच मुख्य कारण.

पहिल्या दोन किलोमीटरांत दम लागला तर तो चढाचा दोष नसतो, वेगाचा असतो. शेजारच्याशी बोलत चालवता येईल एवढाच वेग ठेवा. वाक्य तुटायला लागले की पॅडल हळू करा. आठ किलोमीटरला पाऊण तास लागला तरी काही बिघडत नाही.

मग एवढ्याशा अंतराला अर्धा दिवस का राखून ठेवायला सांगता?

कारण ही वाट थांबण्याची आहे. गाडीने आलात तर वाईहून धोमला पंधरा-वीस मिनिटांत पोचता आणि मधले काहीच हाती लागत नाही. चालत निघालात तर परत येईपर्यंत ऊन डोक्यावर येते. सायकल या खोऱ्याच्या मापाची आहे. पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकू येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठे हळद शिजत असेल तर तिचा वास आधी येतो आणि मग कढई दिसते, बांधावरच्या माणसाने हाक मारली तर पाय टेकवून दोन शब्द बोलता येतात.

या वाटेवर वेग मोजायच्या ॲपवर आपली वेळ सुधारायला येणारेही असतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच, की त्यासाठी पसरणी घाट आहे. वाईहून पाचगणीपर्यंत सलग चढ मिळेल. मेणवलीच्या गल्लीतून मान खाली घालून सुसाट जाऊ नका, तिथे दारात मुले खेळत असतात.

कोणत्या महिन्यात यावे?

दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत सगळ्यात उत्तम. सकाळी नदीवर धुके असते, बोटे गारठतात, आठनंतर ऊन अंगावर घ्यावेसे वाटते. शेते भरलेली असतात.

याच दिवसांत उसाचा हंगामही चालू असतो, हे लक्षात ठेवा. वाई तालुक्यातच भुईंजला किसन वीर कारखाना आहे आणि तोडणी सुरू झाली की रस्त्यांवर बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर येतात. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लावलेली असतात, चालकाला तुमची घंटी ऐकू जात नाही. मागची ट्रॉली वळणावर आत झुकते. त्यामुळे ट्रॅक्टर दिसला की ओलांडायला जाऊ नका, कडेला थांबून पुढे जाऊ द्या. बैलगाडीच्या मागून जाताना घंटी वाजवू नका, ‘दादा, पुढे जातो’ असे तोंडाने सांगा. अचानक बाजूने सायकल आली की बैल बुजतात, आणि दीड-दोन टन ऊस भरलेली गाडी एकदा कलली की आवरत नाही.

एप्रिल-मेमध्ये यायचे तर उजाडताच निघा आणि दहाच्या आत वाईत परता. या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो, धोमकडे जाताना तो थेट तोंडावर येतो.

पावसाळ्यात ही फेरी करता येते का?

झिमझिम असेल तर करता येते आणि डोंगर त्या वेळी सर्वांत सुंदर दिसतात. पण काही गोष्टी कडक पाळायच्या. कृष्णेचा उगम महाबळेश्वरला आहे. वाईत ऊन पडलेले असतानाही वर मुसळधार चालू असू शकते. साडेतेरा टीएमसी क्षमतेचे धोम धरण भरत आले की पाणी सोडतात. त्या आधी भोंगा वाजवतात, गावांना सूचना जाते. अशा दिवशी मेणवलीच्या, धोमच्या किंवा वाईच्या कुठल्याच घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. नदी शांत दिसली तरी नाही. शेवाळलेली पायरी आणि वाढते पाणी यांच्यापुढे पोहता येण्याचा काही उपयोग होत नाही.

पुलावरून किंवा फरशीवरून पाणी वाहत असेल तर खोली किती हे बघायला पुढे जाऊ नका, तिथूनच मागे फिरा.

कोणते दिवस टाळावेत?

पौष पौर्णिमेच्या आसपास मांढरदेवीला काळूबाईची यात्रा असते आणि वाईतून जाणारी गर्दी प्रचंड असते. रंगपंचमीला बावधनचे बगाड असते. ते पाहायलाच यायचे असेल तर जरूर या, पण त्या दिवशी सायकल घेऊन नको. शनिवार-रविवारी दहानंतर मेणवलीच्या घाटावर गर्दी वाढते. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलात तर घाट जवळजवळ तुमचाच असतो.

कसली सायकल लागते? महागडी हवी का?

नाही. चांगल्या स्थितीतली साधी सायकल पुरते. गियर असतील तर जाताना सुख, नसतील तर अडत नाही. अगदी बारीक टायरची शर्यतीची सायकल मात्र आणू नका. गावांतल्या फरशा, रस्त्याकडेची खडी आणि घाटाकडे उतरणाऱ्या वाटा तिला मानवत नाहीत.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून चाक जागच्या जागी थांबते का, टायरला अंगठा दाबल्यावर तो फारसा आत जात नाही ना, आणि सीटची उंची. पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहायला हवा. बहुतेक लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग संध्याकाळी गुडघे दुखले म्हणून सायकलला दोष देतात.

काट्यांचे मात्र मनावर घ्या. पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला सराटे वाळून पडलेले असतात आणि शेतांच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतात. एक जादा ट्यूब, पंप आणि टायर काढायच्या पट्ट्या जवळ असू द्या. सायकल बांधावर नेली असेल तर परत रस्त्यावर आल्यावर चाक हळूहळू फिरवून टायरवर नजर टाका. सराटा ट्यूबपर्यंत पोचण्याआधीच निघाला तर पंक्चर वाचते.

पुण्याहून सायकल वाईला कशी आणायची?

पुणे-वाई अंतर ९० किलोमीटरच्या आसपास आहे. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्याला महामार्ग सोडायचा. गाडीच्या मागे किंवा टपावर कॅरिअर लावून आणणे सर्वात सोयीचे. एसटीने यायचे असेल तर सायकल घेतील का, हे त्या-त्या गाडीवर अवलंबून आहे, आदल्या दिवशी स्थानकावर विचारून ठेवा. महामार्गावरून सायकलने यायचा बेत लांब पल्ल्याची सवय असलेल्यांनीच करावा. या लहान फेरीचा त्याच्याशी संबंध जोडू नये.

मेणवलीला काय पाहायचे?

नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा घाट. मेणवली हे गाव नानांना औंधच्या पंतप्रतिनिधींकडून इनाम मिळाले. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी इथे वाडा बांधला, घाट बांधला, देवळे उभी केली. पेशवाईचा कारभार ज्यांच्या बुद्धीवर उभा होता, त्यांचे हे खेड्यातले घर. वाड्याला सहा चौक आहेत. आत लाकडी खांब, जुने छत, काही भिंतींवर चित्रे. नानांनी जपलेले कागदपत्रांचे मोठे दफ्तर याच गावच्या नावाने, मेणवली दफ्तर म्हणून, इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

वाडा खाजगी मालकीचा आहे. आत सोडत असतील तेव्हा पाहायचा, सोडत नसतील तर हुज्जत घालायची नाही. घाट मात्र बघायलाच हवा, आणि आमच्या मते मेणवलीचे खरे वैभव घाटच आहे. नदीच्या वळणाला धरून चंद्रकोरीसारख्या काळ्या दगडी पायऱ्या उतरत जातात. घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी देवळे आहेत. सायकल वर झाडाखाली लावा, चपला काढा आणि सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसा. सकाळच्या पहिल्या तासात इथे बायका धुणे धुतात, म्हातारी माणसे अर्घ्य देतात. त्यांचे फोटो न विचारता काढू नका. चित्रपटांच्या चित्रीकरणामुळे हा घाट देशभर पोचला, पण इथल्या लोकांसाठी तो रोजच्या वापरातला घाट आहे.

ती मोठी घंटा कुठली?

मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या दगडी बांधकामात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. ती वसईची आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर आल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लागल्या. मेणवलीची घंटा त्यांतलीच. जवळून पाहिलीत तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. शंकराच्या देवळाशी मेरीची आकृती असलेली घंटा, आणि गावाने ती पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. आमच्या बरोबर येणारी मुले इथे सगळ्यात जास्त प्रश्न विचारतात, आणि वसईच्या लढाईची गोष्ट सांगायला याहून चांगली जागा नाही. घंटा वाजवून पाहण्याचा मोह आवरा. तीन शतकांच्या आसपासचा धातू आहे.

भोगावला का थांबायचे?

वामन पंडितांच्या समाधीसाठी. ‘यथार्थदीपिका’ लिहिणारे, श्लोकरचनेसाठी मराठीत ज्यांचे नाव निघते ते वामन पंडित. शाळेत ‘सुश्लोक वामनाचा’ ही ओळ शिकलेल्यांनी तरी इथून पुढे तसेच जाऊ नये. पाच मिनिटे पुरतात. वाट गावात कोणीही दाखवते.

धोमला काय आहे? फक्त धरण ना?

धरणामुळे धोमचे देऊळ झाकले जाते, याचे आम्हाला वाईट वाटते. बरेच लोक थेट जलाशयाकडे जातात आणि देऊळ न बघताच परततात.

गावाचे नाव धौम्य ऋषींवरून पडले असे परंपरा सांगते. नदीकाठचा देवळांचा समूह पेशवाईतला आहे. मुख्य देऊळ महादेवाचे. त्याच्यासमोर दगडात घडवलेले कमळाच्या आकाराचे कुंड आहे, कुंडात एक मोठे दगडी कासव, आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप. कुंडात पाणी भरले की कासव नंदीला घेऊन पाण्यातून निघाल्यासारखे दिसते. ज्याला हे सुचले त्या कारागिराचे नाव आपल्याला ठाऊक नाही, पण कुंडाभोवती एक पूर्ण फेरी मारून पाहा. पाकळ्यांची कड, कासवाची मान, मंडपाची कमान, कुठल्याही बाजूने बघितले तरी हात सारखाच सफाईदार आहे. जवळच उंच जोत्यावर नृसिंहाचे देऊळ आहे. तिथे वर गेले की सगळा समूह एका नजरेत येतो.

कुंडाच्या कडेला सायकली टेकवू नका. पॅडल घासले की दगडावर ओरखडा उठतो, आणि तो पुसता येत नाही.

धरणाच्या भिंतीवर सायकल नेता येते का?

नाही, तो विचारच सोडा. भिंतीचा परिसर संरक्षित आहे, पहारेकरी अडवतात आणि ते त्यांचे कामच आहे. जलाशय पाहायचा असेल तर गावातून थोडे वर चढून रस्त्यावरूनच दिसतो. हा चढ मात्र खरा चढ आहे, सायकल हातात धरून चाललात तरी काही हरकत नाही. पाण्यात उतरू नका. धरणाच्या पाण्याला एकसारखा तळ नसतो, दोन पावलांवर खोल होते.

लहान मुलांना नेता येईल का?

दहा वर्षांखालच्या मुलांना फक्त मेणवलीपर्यंत न्या. जाऊन-येऊन सहा-सात किलोमीटर होतात, घाट आणि घंटा मिळून त्यांची सकाळ भरते. त्याहून मोठ्या, सराईत मुलांना धोमपर्यंत जमते. एक मोठा माणूस सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे, मुले मध्ये, सगळे एका ओळीत. दोघांनी शेजारी-शेजारी चालवत गप्पा मारण्याइतका हा रस्ता रुंद नाही. हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनाही.

मुलांना परत यायचा कंटाळा येतो तो मुख्यतः भुकेमुळे. धोमच्या देवळापाशी चिक्की, केळी, गूळ-शेंगदाणे असे काहीतरी पोटात घाला आणि मगच वळा.

एकट्या बाईने ही फेरी करावी का?

दिवसाउजेडी, जरूर. वाटेवर सतत गावे आणि शेते आहेत, माणसांचा वावर असतो. वाईतल्या मुली याच भागात सायकलने शाळा-कॉलेजला जातात. निघताना कोणालातरी परतायची वेळ सांगून ठेवा आणि काही अडले तर जवळच्या घरात शिरून सरळ मावशींना हाक मारा. पाणी मागितले तर चहा मिळतो, असा या खोऱ्याचा स्वभाव आहे.

अंधार पडल्यावर मात्र कोणीच या रस्त्यावर सायकल चालवू नये. दिवे नसलेल्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यात असतात.

कुत्री मागे लागली तर?

पळवू नका. वेग वाढला की तेही वेग वाढवतात. ब्रेक लावा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवा आणि चालत पुढे जा. त्याची हद्द संपली की ते आपोआप मागे फिरते.

खाण्यापिण्याचे काय?

प्रत्येकी किमान एक लिटर पाणी वाईतूनच भरून घ्या. निघताना पोट भरगच्च नको, चहा आणि एखादे केळे पुरते. मिसळ परतल्यावर वाईत खा, ती तेव्हाच लागते. वाटेत हंगामाप्रमाणे रस, पेरू, स्ट्रॉबेरी विकायला बसलेली माणसे भेटतात, त्यांच्याकडून घ्या. शेतातला ऊस मोडू नका. मागितला तर शेतकरी स्वतःच्या हाताने तोडून देतो, न विचारता घेतला तर पुढच्या सायकलवाल्याकडे तो संशयाने बघतो.

रिकाम्या बाटल्या आणि कागद पिशवीत घालून वाईला परत आणा. मेणवलीच्या घाटावरून टाकलेली बाटली खाली वाईच्याच घाटाला लागते.

परतल्यावर वाईत काय पाहावे?

गणपती घाटावरचा ढोल्या गणपती. १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधले. मूर्ती एकाच दगडातली आणि खरोखर अवाढव्य आहे. पण दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला जा. पुराच्या पाण्याचा लोंढा दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून मागची भिंत माशाच्या आकाराची, निमुळती बांधली आहे. आज सकाळभर जिच्या काठाने फिरलात, त्या नदीचे बळ बांधणाऱ्यांनी किती नीट ओळखले होते, ते या भिंतीत दिसते. शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळही रास्त्यांचेच, आणि त्यातला नंदी पाहण्यासारखा आहे.

वाचनाची आवड असेल तर हेही सांगायला हवे, की मराठी विश्वकोशाचे काम याच गावात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभे राहिले. पहिला खंड १९७६ मध्ये आला. तर्कतीर्थ वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकले. नदीकाठच्या या लहान गावाने मराठीला काय दिले, याचा विचार करत गंगापुरीच्या गल्ल्यांतून सायकल हातात घेऊन चालायला आम्हाला फार आवडते.

धोमच्या पुढे जाता येईल का?

येईल. जलाशयाच्या काठाने रस्ता पुढच्या गावांकडे जातो, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. मात्र तिथून पुढे चढ-उतार वाढतात, दुकाने कमी होतात आणि पंक्चर काढून देणारा सापडेलच असे नाही. धोमपर्यंतची फेरी दमछाक न होता झाली, सुटी ट्यूब बदलता येत असली आणि घड्याळात नऊ वाजायच्या आत असले, तरच पुढे जा. नाहीतर त्यासाठी वेगळी सकाळ काढा आणि वाईत आदल्या रात्री मुक्काम करा.